भिवाची शेवटची व्हायल

"बाई, रिपोट पाझिटिवच येऊ द्या हो," ती खिडकीच्या जाळीला तोंड लावून म्हणाली.

मेडिकल कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या त्या खिडकीवर मी निम्मं आयुष्य काढलं. रक्ताच्या बाटलीला अंगारा लावून आणणारे पाहिले, देवाचं नाव पुटपुटत चिठ्ठी आत सरकवणारे पाहिले. सगळ्यांचं मागणं एकच असायचं, काही निघू नये. निघावं म्हणून हात जोडणारी बाई मी पहिल्यांदाच बघत होते. मला वाटलं, पॉझिटिव्ह म्हणजे चांगलं असा हिचा समज झालाय. तशीही माणसं यायचीच. माझा आवाज मुळातच चढा, त्यात सकाळची गर्दी.

"अहो, पॉझिटिव्ह म्हणजे रोग आहे. चांगलं नाही ते!"

"ठावं हाय की. म्हनून तर म्हनते. ह्योच रोग असू द्या."

मी मान वर करून नीट बघितलं. पंचेचाळिशीची असेल. हिरवट लुगडं, डोक्यावरून पदर, कपाळ मोकळं. रात्रभर वॉर्डाच्या व्हरांड्यात झोपलेल्या माणसाचा चेहरा ओळखू येतो, तसा तिचा होता.

"लेक हाय माझी. जनानी वार्डात," ती सांगू लागली. "काळजात गोळा दिसतोय म्हनले डाक्टर." तिनं उजव्या बरगड्यांखाली हात ठेवला, तिकडे यकृताला काळीजच म्हणतात. "त्यो पू असला तर सुईनं काडत्यात, गोळ्या देत्यात आन् पोरगी घरी. आन् पू नसला, गाठ असली, तर..."

तिनं बरगड्यांवरचा हात काढून जाळी धरली.

"ह्यो पुवाचा रोग आमच्या घरातलाच हाय, बाई. तिच्या बापाला ह्योच हुता. हितंच, ह्याच दवाखान्यात गेले मालक. तवा आमी लई उशिरा आनलं हुतं. या खेपेला येळेत आनलंय."

मी चिठ्ठी उलगडली. 'अमीबा – अँटिबॉडी' असं डॉक्टरांनी खरडलं होतं. अमीबा हा आतड्यातला जंतू. तो आतड्यातून यकृतात शिरला की तिथं पू करतो आणि मग शौचाच्या तपासणीत बऱ्याचदा सापडत नाही. पण रक्त त्याला विसरत नाही. त्याच्याशी झगडताना रक्तात ज्या अँटिबॉडीज तयार होतात, त्या शोधायची आमची तपासणी. नावाच्या जागी नुसतं 'सगुणा सणगर' होतं.

"पूर्ण नाव सांगा. वडलांचं नाव नाही इथं."

पिशवीतून रेशनकार्ड काढून तिनं जाळीखालून आत सारलं आणि एका ओळीवर बोट ठेवलं. नवऱ्याचं नाव घ्यायचं नसतं, एवढं कळायला हवं होतं मला. बोटाच्या वर लिहिलेलं होतं, भिवा.

"कुरणवाडीच्या ना तुम्ही?" माझ्या तोंडून निघून गेलं.

"व्हय. तुमाला कसं ठावं?"

"कार्डावर आहे की," मी म्हटलं. कार्डावरच्या गावाकडे मी पाहिलंही नव्हतं. मला गाव माहीत होतं, कारण भिवा सणगर आमच्या फ्रीजरमध्ये होता.

हे जरा नीट सांगायला हवं.

आमच्या विभागप्रमुख डॉक्टर मिरीकर मॅडम. तयार किट विकत घ्यायला सरकारी दवाखान्याला परवडत नसत, म्हणून मॅडम स्वतः परीक्षानळ्यांत अमीबा वाढवायच्या आणि त्यापासून तपासणीचं सामान तयार करायच्या. प्लास्टिकची एक प्लेट असते, तिला बोटाच्या पेराएवढ्या वाट्या. वाटीत रुग्णाच्या रक्तातलं पाणी, म्हणजे सीरम घालायचं, धुवायचं, पुढची औषधं घालायची. अँटिबॉडी असली तर शेवटी वाटी पिवळी होते, नसली तर पाण्यासारखी राहते. पण औषधंच बिघडलेली असली तर? मग सगळ्याच वाट्या पाण्यासारख्या दिसणार आणि रोगी माणूस निरोगी ठरणार. म्हणून प्रत्येक प्लेटमध्ये एका अशा माणसाचं सीरम घालायचं, ज्याला हा रोग नक्की होता. त्याची वाटी पिवळी झाली तर बाकीच्यांवर विश्वास ठेवायचा. नाही झाली तर अख्खी प्लेट कचऱ्यात. याला पॉझिटिव्ह कंट्रोल म्हणतात. आमचा कंट्रोल होता भिवा.

दहाएक वर्षांपूर्वी तो भरती झाला, तेव्हा त्याचं रक्त घ्यायला मीच गेले होते. हाडापेरानं मोठा माणूस, तापानं फणफणलेला, बरगड्यांवर हात दाबून पडलेला. शेजारी निवासी डॉक्टर माहिती लिहून घेत होता.

"दारू पिता का?"

"पितो."

"रोज?"

"रोज न्हाई. पर ज्या दिवशी पीत न्हाई, त्या दिवशी मिळालेली नसती."

डॉक्टर हसला. मी दंडाला रबर बांधलं. "काही दुखत नाही हं," असं सवयीनं म्हणत सुई घातली.

"दुखलं की," भिवा म्हणाला. "दुखलं न्हाई म्हनू का?"

मला राग यायला हवा होता, पण हसूच आलं. रक्त भरेपर्यंत आम्ही बोलत होतो. तो घोंगड्या विणायचा. त्याचं माल विकायला बाजारात बसणं बायकोनं बंद केलं होतं, कारण गिऱ्हाइकानं घोंगडीला हात लावला की हा आपल्याच घोंगडीतली खोट सांगायचा. हिला चिंचोक्याची खळ कमी बसलीय, ही पावसात जड हुईल, ही टोचंल. बायको विकायची आणि हा तिच्यामागं, गिऱ्हाइकाकडं पाठ करून बसायचा.

"मला एक हवी होती," मी म्हटलं. "बरे झालात की आणून द्या."

"औंदा घेऊ नका, बाई. औंदाची लोकर बरी न्हाई."

त्याच्या सीरमची वाटी इतकी गडद पिवळी झाली, की मॅडमनी मला पुन्हा पाठवलं, आणखी रक्त आण म्हणाल्या. मी त्याला सांगितलं, तुमचं थोडं रक्त आम्ही ठेवून घेणार आहोत, त्यावरून दुसऱ्यांच्या तपासण्या खऱ्या की खोट्या ते कळतं.

"मंग ठिवा की," तो म्हणाला. "मला काय करायचंय."

ऑपरेशनला घ्यायच्या आत त्याच्या यकृतातला पू पोटात फुटला आणि तो गेला. सीरम छोट्या छोट्या व्हायलमध्ये, म्हणजे कुप्यांमध्ये, भरून आम्ही गोठवून ठेवलं. मॅडमनी व्हायलना आकडे द्यायला सांगितले होते. मी चिकटपट्टीवर 'भिवा' लिहिलं आणि तेच रूढ झालं. काचेची भांडी धुणारे आमचे गफूरभाई सकाळी आल्या आल्या विचारायचे, "ताई, आज भिवाला उठवायचंय का?" मॅडमसुद्धा म्हणायच्या, "आज भिवा छान आलाय." त्यात काही वावगं आहे असं कुणालाच वाटत नव्हतं. उलट घरचंच माणूस असल्यासारखं वाटायचं.

सगुणाची चिठ्ठी आली तेव्हा भिवाची एकच व्हायल उरली होती. तिला हात लावायचा नाही, अशी मॅडमची ताकीद होती. दुसऱ्या एका रुग्णाचं सीरम त्याच्या जागी बसवायचं चाललं होतं.

सगुणाची पहिली तपासणी त्या नव्या कंट्रोलवर लावली. तिच्या दोन्ही वाट्या पाण्यासारख्या राहिल्या. पण नवा कंट्रोलही कसाबसा पिवळसर झाला होता, लिंबाचं सरबत फार पाणी घालून केल्यासारखा. मॅडमनी प्लेट उजेडात धरली आणि खाली ठेवली.

"रद्द. यावरून काही सांगता येणार नाही."

मी खिडकीवर गेले. ती सकाळपासून तिथंच उभी होती. तिचं नाव अंजिराबाई, हे एव्हाना मला कळलं होतं.

"तपासणी पुन्हा करावी लागेल. आमचंच औषध बरोबर लागलं नाही."

"मंजी, न्हाई निगालं असं न्हाई?"

"नाही असंही नाही आणि आहे असंही नाही."

तिचा चेहरा असा उजळला की मला खाली बघावं लागलं. मी तिला काहीच दिलं नव्हतं. तिनं पदराच्या गाठीतून भाजक्या शेंगा काढल्या आणि मूठभर जाळीतून आत ढकलल्या. "खावा. सकाळधरनं उभ्या हाय तुमी." उभी तीच होती, मी स्टुलावर बसले होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ताजं रक्त घ्यायला मी वॉर्डात गेले. सगुणा तेविशीची होती, गावातल्या अंगणवाडीत पोरं सांभाळायची. अंग पार झडलेलं, पोट तेवढं वर आलेलं, डोळ्यांत पिवळेपणा. तालुक्याच्या डॉक्टरनं अमीबाच्या गोळ्या दिल्या होत्या, पण उलट्यांमुळे त्या पोटात राहिल्याच नव्हत्या. त्यामुळे गोळ्यांनी गुण आला नाही म्हणजे रोग वेगळा, असंही म्हणता येत नव्हतं. बापाचं नाक तसंच्या तसं तिच्या तोंडावर बसवलेलं होतं.

"दुखेल थोडं," मी म्हटलं.

ती हसली. "खरं सांगणाऱ्या तुम्ही पहिल्याच भेटलात, ताई. आमच्या बाचं माणूस दिसताय."

"खरं बोलायचे का फार?"

"फार म्हंजे! ऐका की. चौथीत असताना शाळेत प्रदर्शन होतं. मी हातानं विणून बसायचं आसन ठेवलेलं. पहिलं बक्षीस मला! बाहेरचे पाव्हणे आलेले, टाळ्या चाललेल्या, मी पुढं चाललेय आणि मागनं बा उठून उभा राहिला. म्हणाला, गुरुजी, त्यातलं वरचं दोन बोटं मी इनलंय. पोरगी कंटाळली हुती."

"मग?"

"मग काय. बक्षीस दुसऱ्या मुलीला. मी आठवडाभर बाशी बोलले नाही. आई तर त्याला जेवायलाच वाढेना." हसताना तिला धाप लागली. तिनं बरगड्यांवर हात दाबला, बाप दाबायचा तसाच. "आता वाटतं, बरं केलं. तेवढीच एक गोष्ट त्याची मला बारकाव्यानं आठवते."

मी बाटलीवर नाव लिहीत होते. ती हळूच म्हणाली, "ताई, रिपोर्ट आईला माझ्यासमोर सांगू नका. ती माझ्यासमोर रडायची नाही. तिथंच सांगा, तुमच्याकडं."

"काय येतंय ते तरी कळू दे आधी."

"तुम्हाला काय वाटतंय?"

मला काय वाटत होतं ते मी सांगितलं नाही. मी म्हटलं, "बघू," आणि सुईचा डबा उचलला.

मिरीकर मॅडमना मी स्पष्टच विचारलं. नव्या कंट्रोलवर भरवसा नाही, सर्जन सुई घालायच्या आधी या रिपोर्टसाठी थांबलेत, मुलगी घसरत चालली आहे. शेवटची व्हायल काढू का? कोणाच्या मुलीसाठी, तेही सांगितलं. मॅडम चष्मा पुसत राहिल्या. शिस्तीची बाई. आमच्यातलं कुणी रजा मागायला गेलं तरी दारातूनच परत फिरायचं.

"त्याचीच मुलगी?"

"त्याचीच."

"मग काढ," त्या म्हणाल्या. "आणि प्लेट मी स्वतः लावते."

गफूरभाईंचा आवाज म्हणजे भोंगा. त्यांनी फ्रीजर उघडला आणि तिथनंच ओरडले, "ताई, भिवाला बाहेर काढला! वितळला की हाक मारतो!"

खिडकीशी अंजिराबाई उभी होती. तिच्या हातातली पिशवी खाली पडली.

"कुनाला हाक मारली त्यांनी?"

माझी जीभ तयारच होती. इथं एक शिपाई आहे त्या नावाचा, एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. पण आदल्या दिवसाच्या शेंगांची टरफलं अजून माझ्या टेबलावर होती आणि ही बाई मुलीसाठी आजारच मागत होती. मला तिच्याशी खोटं बोलवेना. बाहेरच्या माणसाला आत आणायची बंदी होती. मी दार उघडून तिला आत घेतलं, स्टुलावर बसवलं आणि होतं ते सगळं सांगितलं.

माझं संपल्यावर ती म्हणाली, "दावा."

गफूरभाईंनी व्हायल कापडात गुंडाळून आणली. त्यांना कोणी काही सांगितलं नव्हतं, पण कळलं होतं. त्यांनी ती दोन्ही हातांनी दिली. करंगळीच्या पेराएवढी व्हायल, तळाशी फिकट पिवळसर बर्फ, वर पिवळी पडलेली चिकटपट्टी आणि त्यावर माझं अक्षर. अंजिराबाईला वाचता येत नव्हतं. तिनं ती पदरात घेतली.

"येवढंच?"

"एवढंच उरलंय."

"गार हाय लई."

"फ्रीजरमध्ये ठेवावं लागतं. नाहीतर खराब होतं."

"धा वर्सं थंडीत ठिवलं व्हय," ती म्हणाली. "घोंगड्या इननारा मानूस."

गफूरभाई पाठ फिरवून नळाशी गेले आणि नुसतंच पाणी सोडून उभे राहिले. मी उगीच सांगत सुटले, की यांच्यामुळं किती तरी लोकांच्या तपासण्या झाल्या, आठवड्यातून दोन-तीनदा आम्ही यांना काढायचो, यांच्याशिवाय आमचं काम चालत नव्हतं.

"मंजी कामाला येत हुते म्हना हितं."

"हो. कामालाच येत होते."

"आन् खरं-खोटं ह्येच सांगायचे?"

"हेच सांगायचे."

तिला हसू आलं. तोंडाला पदर लावून ती हसली आणि हसता हसता डोळे पुसू लागली. "बराबर मानूस धरला, बाई, तुमी!"

मग तिनं व्हायल तोंडाजवळ नेली आणि खाली मान घालून काहीतरी बोलली. मी बाजूला सरले. नवरा-बायकोचं बोलणं. शेवटचं तेवढं कानावर आलं, "...लेकीचं हाय म्हनलं. ध्यानात असू द्या."

दुपारी मॅडमनी प्लेट लावली. वरच्या ओळीत भिवाच्या दोन वाट्या आणि त्यांच्या शेजारी सगुणाच्या दोन. अंजिराबाई सिंकजवळच्या स्टुलावर बसून होती. तिला बाहेर काढा असं मॅडम म्हणाल्या नाहीत. धुणं, थांबणं, परत धुणं, प्लेट वर्तमानपत्रावर आपटून पाणी झटकणं, हे सगळं ती बघत होती. शेवटचं औषध घालायच्या आधी मी तिला जवळ बोलावलं.

"आता रंग येईल. आधी निळा येतो. मग त्यात ॲसिड घातलं की पिवळा होतो. रंग आला म्हणजे रोग आहे."

"आन् न्हाई आला तर?"

मॅडमनी औषध घातलं. प्लेट पांढऱ्या कागदावर ठेवून आम्ही तिघी तिच्यावर वाकलो.

भिवाच्या वाट्यांत लगेच निळी झाक धरली. बघता बघता ती गडद झाली. इतक्या वर्षांनंतरही पहिल्या दिवसासारखी.

"आले बगा," अंजिराबाई म्हणाली.

सगुणाच्या वाट्या स्वच्छ होत्या.

"तिचं सावकाश येत असंल," ती म्हणाली. "हायच ती सावकाश. लहानपनी बोलायलाबी उशिरा लागली."

भिवाचा रंग आता निळीच्या पुडीसारखा झाला होता. सगुणाच्या वाट्यांच्या तळाशी कागदाचा पांढरा रंग तसाच्या तसा दिसत होता. ठरलेली वेळ भरली. मॅडमनी ॲसिडची बाटली हातात घेतली.

"आजून जरा थांबा की, बाई," ती मॅडमना म्हणाली.

एरवी घड्याळाचा काटा सरकला तर आमच्या अंगावर ओरडणाऱ्या मिरीकर मॅडम बाटली हातात धरून थांबल्या. किती थांबल्या कोण जाणे. शेवटी त्यांनीच हळूच विचारलं, "घालू ना आता?" अंजिराबाईनं मान हलवली.

ॲसिड पडलं. भिवाच्या दोन्ही वाट्या हळदीसारख्या पिवळ्या झाल्या. सगुणाच्या दोन्ही वाट्यांत पाणीच राहिलं. मॅडमनी सगुणाचं सीरम पातळ करून, घट्ट ठेवून, दोन्ही तऱ्हांनी त्याच प्लेटमध्ये लावलं होतं. त्या खालच्या वाट्याही त्यांनी एकेक करून पाहिल्या. मग चष्मा काढला आणि त्या आपल्या खोलीत निघून गेल्या.

आता बोलायचं माझ्यावर आलं. चढ्या आवाजाची बाई मी, पण तिच्याजवळ जाऊन हळूच म्हटलं.

"अंजिराबाई, हा तो रोग नाही."

"कालच्यावानी औशद बिगडलं असंल."

"नाही. काल कंट्रोल नीट आला नव्हता, म्हणून आपण ते धरलं नाही. आज यांची वाटी पिवळी आलीय ना? म्हणजे औषध बरोबर आहे. तपासणी बरोबर आहे."

"ह्ये पिवळं झाले म्हनून तिचं खरं?"

"हो."

"ह्येच झाले नसते पिवळे तर?"

"तर पुन्हा करावी लागली असती."

पुढं सर्जननी सुईनं तुकडा काढून तपासायला पाठवला आणि ती गाठच निघाली. काही करण्यासारखं उरलेलं नव्हतं. दिवाळीचा फराळ सगुणानं अंथरुणात बसून खाल्ला आणि संक्रांत काही तिनं पाहिली नाही. हे मला नंतर कळलं. त्या दुपारी मात्र ती वॉर्डात जिवंत होती, उशीला टेकून आईची वाट बघत होती, आणि तिची आई आमच्या टेबलाशी उभी होती. माझ्या डोळ्यांना धारा लागल्या होत्या. तिच्या डोळ्यांत मात्र टिपूस नव्हतं. ती त्या पिवळ्या वाट्यांकडे रोखून बघत होती, भांडण काढायच्या आधी माणूस बघतं तशी.

"त्या बक्षिसाच्या वक्ताला आसंच उटून हुबे ऱ्हायले," ती म्हणाली. "पोर पुडं चालली हुती. लोक टाळ्या वाजवत हुते."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. तिनं तो बाजूला केला आणि टेबलाच्या कडेला दोन्ही हात टेकून प्लेटवर वाकली. पदर डोक्यावरून घसरला, तो तिनं सावरला नाही.

"भिवा," ती म्हणाली.

गफूरभाईंनी नळ बंद केला. जे नाव आम्ही इतकी वर्षं उठता-बसता घेत होतो, ते मी पहिल्यांदा ऐकल्यासारखं ऐकलं.

"भिवा, लेकीसाटी तरी येक डाव खोटं बोलायचं हुतंस की रं."